गाण्याची आवड आणि बुद्धिमत्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोण काय ऐकतं यावरून त्याच्या अकलेची पारख करायची खोड सगळीकडे दिसते. सिम्फनी ऐकणारा आपोआप हुशार ठरतो, नाचगाणी ऐकणारा उथळ. या समजापायी कितीतरी माणसं आपल्याला खरोखर काय आवडतं ते चारचौघांत बोलत नाहीत, आणि मुलांच्या कानातले हेडफोन रागारागाने ओढून काढले जातात. या प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षं संशोधन चालू आहे. त्यातून काय हाती लागलं आणि कशाचा नुसताच गवगवा झाला, ते इथे मांडलं आहे.

थोडक्यात सांगा, संबंध आहे की नाही?

थोडासा आहे. काही मोठ्या पाहण्यांमध्ये विशिष्ट प्रकारचं संगीत आवडणं आणि बुद्धिमत्ता चाचणीतले गुण यांची सांगड दिसते. पण "थोडासा" म्हणजे किती, हे नीट समजून घ्यायला हवं.

समजा, दोन गोष्टींमधला सहसंबंध, म्हणजे त्या किती जोडीने कमी-जास्त होतात याचं माप, ०.२ आहे (काहीच नातं नसेल तर ०, पूर्ण जुळत असेल तर १). अशा विषयात एवढा आकडा मिळाला तरी त्यावर शोधनिबंध होतो. आता कोणतीही दोन माणसं घ्या आणि ज्याला ते संगीत जास्त आवडतं तोच जास्त हुशार, असं धरून चला. शंभरपैकी साधारण ५६ वेळा तुमचा अंदाज खरा ठरेल. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० वेळा खरा ठरलाच असता. माणसामाणसांच्या गुणांत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ४ टक्के भाग या आवडीशी जुळतो. उरलेल्या ९६ टक्क्यांचा तिच्याशी संबंध नाही. त्यामुळे समोर बसलेल्या एका माणसाची गाण्यांची यादी पाहून त्याच्या बुद्धीबद्दल बोलणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

संगीताची आवड, संगीताचा कान आणि संगीताचं शिक्षण या एकच गोष्टी आहेत का?

नाहीत, आणि या विषयातला निम्मा गोंधळ तिन्हींची सरमिसळ केल्यामुळे होतो. कान म्हणजे दोन सुरांमधला फरक ओळखणं, लय धरणं, चाल लक्षात ठेवणं. याचा बुद्धिमत्ता चाचण्यांशी संबंध लागतो, हे बऱ्याच आधीपासून माहीत आहे. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली "सर्वसाधारण बुद्धिमत्ता" ही कल्पना मांडली, तेव्हा शाळेतल्या विषयांच्या जोडीने सुरांची उंची ओळखण्याची क्षमताही त्यांनी मोजली होती. आवड ही निराळी गोष्ट. ती कानावाचूनही असू शकते.

चार्ल्स डार्विन यांचं उदाहरण पाहा. केंब्रिजला शिकत असताना किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधलं समूहगान ऐकता यावं म्हणून ते आपल्या फिरण्याची वेळ जुळवून घेत. ते ऐकताना कधीकधी पाठीच्या कण्यातून शिरशिरी जायची, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. कधी तर तिथल्या गाणाऱ्या मुलांना पैसे देऊन ते आपल्या खोलीवर गायला बोलवत. आणि याच माणसाला बेसूर ओळखता येत नव्हता, ताल धरता येत नव्हता, साधी चाल नीट गुणगुणता येत नव्हती. मित्रांना हे कळल्यावर त्यांनी डार्विन यांची परीक्षाच घ्यायला सुरुवात केली. ओळखीच्या चाली थोड्या जलद किंवा थोड्या संथ वाजवायच्या आणि कोणती ते विचारायचं. अशा वेळी त्यांना आपल्या देशाचं राष्ट्रगीतसुद्धा ओळखता येईना. आवड उत्कट, कान जवळजवळ शून्य, आणि बुद्धी कशी होती हे वेगळं सांगायला नको. तिन्ही गोष्टी एकाच माणसात अशा तीन दिशांना जाऊ शकतात.

मग शास्त्रीय संगीत किंवा जॅझ आवडणारे जास्त हुशार असतात, हे कुठून आलं?

या समजाला एक खरा आधार आहे. २००३ साली पीटर रेंटफ्रो आणि सॅम्युएल गॉसलिंग यांनी अमेरिकेतल्या ३,५०० हून अधिक लोकांच्या आवडीनिवडी तपासल्या. त्यांना आवडीचे चार गट सापडले. ब्लूज, जॅझ, पाश्चात्त्य शास्त्रीय आणि लोकसंगीत यांचा एक गट झाला, त्याला त्यांनी "चिंतनशील आणि गुंतागुंतीचं" असं नाव दिलं. हा गट आवडणाऱ्यांचे शाब्दिक क्षमतेचे गुण थोडे जास्त होते. शिवाय ही मंडळी स्वतःला जास्त हुशारही समजत होती. हे दुसरं वाक्य बातम्यांमधून सहसा गळतं.

या गटाशी त्याहून ठळक नातं दिसलं ते एका स्वभावगुणाचं. मानसशास्त्रज्ञ त्याला अनुभवांबद्दलचा मोकळेपणा म्हणतात: नवं करून पाहावंसं वाटणं, कल्पनेत रमणं, अनोळखी गोष्टीला दार न लावणं. या मोकळेपणाचा बुद्धिमत्ता चाचण्यांशीही मध्यमसा संबंध आहे. त्यामुळे आवड आणि बुद्धी यांच्यात जो धागा दिसतो, त्यातला बराचसा या कुतूहलातून येत असावा, असं मला वाटतं. कुतूहल असलेला माणूस जास्त प्रकारचं ऐकून पाहतो आणि त्यातलं काही त्याला आवडून जातं.

शब्द नसलेलं, नुसत्या वाद्यांचं संगीत आवडणं हे हुशारीचं लक्षण आहे का?

उत्क्रांती-मानसशास्त्रज्ञ सातोशी कानाझावा यांनी २०१२ मध्ये हे म्हटलं. त्यांचा तर्क असा: गाणं माणसाला आदिम काळापासून ठाऊक आहे, नुसतं वाद्यसंगीत त्या मानाने नवं, आणि उत्क्रांतीच्या दृष्टीने नव्या गोष्टी हुशार माणसांना जास्त भावतात. पुढे २०१९ साली क्रोएशियातल्या शाळकरी मुलांच्या अभ्यासातही बुद्धिमत्तेचे गुण आणि वाद्यसंगीताची आवड यांत काहीसा संबंध दिसला. म्हणजे निरीक्षण अगदीच हवेतलं नाही. तर्क मात्र मला पटत नाही. दक्षिण जर्मनीतल्या गुहांमध्ये गिधाडाच्या हाडाच्या आणि मॅमथच्या सुळ्याच्या बासऱ्या सापडल्या आहेत, त्या सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. एवढ्या जुन्या गोष्टीला नवी म्हणायचं, तर त्यासाठी फार ओढाताण करावी लागते.

मोझार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते, हे तरी सिद्ध झालंय ना?

नाही. मूळ प्रयोग काय होता, ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. १९९३ साली फ्रान्सिस राउशर, गॉर्डन शॉ आणि कॅथरीन काय यांनी कॅलिफोर्नियात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर तो केला. प्रत्येकाने दहा मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंसाठी लिहिलेला सोनाटा ऐकला, दहा मिनिटं अंग सैल सोडण्याच्या सूचनांची टेप ऐकली आणि दहा मिनिटं शांत बसून काढली. प्रत्येक वेळी लगेच एक चाचणी झाली, तीही फक्त आकार आणि अवकाश यांच्या आकलनाची. मोझार्टनंतरचे गुण बुद्ध्यंकाच्या हिशेबात ८ ते ९ अंकांनी जास्त भरले. हा परिणाम दहा ते पंधरा मिनिटांत ओसरला. यात बाळं नव्हती, कायमची वाढ नव्हती आणि "एकूण बुद्धी" तर कुणी मोजलीच नव्हती.

तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी १,०५,००० डॉलरची तरतूद मागितली. हे सारं ३६ तरुणांच्या दहा मिनिटांवरून! पालकांची आशा खरी होती आणि तिच्या जिवावर लोकांनी ध्वनिमुद्रिका विकल्या, याचा मला आजही राग येतो.

पुढे इतरांनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा परिणाम कधी दिसला, कधी दिसला नाही. मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचं कारण शोधलं. मोझार्टऐवजी आवडीची गोष्ट ऐकवली, तर ज्यांना गोष्ट जास्त आवडली त्यांचे गुण गोष्टीनंतर वाढले. संथ, उदास संगीत ऐकवलं तर वाढलेच नाहीत. थोडक्यात, मन प्रसन्न झालं, अंगात तरतरी आली, की माणूस काही मिनिटं जरा बरं काम करतो. ब्रिटनमध्ये दहा-अकरा वर्षांच्या आठेक हजार मुलांवर असाच प्रयोग झाला, त्यात एका चाचणीत पॉप गाणी ऐकलेल्या मुलांनी मोझार्ट ऐकलेल्यांना मागे टाकलं. २०१० साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी सुमारे ४० अभ्यास एकत्र तपासले. मोझार्टमध्ये इतर संगीताहून वेगळं असं काही विशेष सापडलं नाही.

अमुक गायक ऐकणारे मठ्ठ आणि तमुक संगीतकार ऐकणारे हुशार, अशी एक यादी फिरते. ती खरी आहे का?

ती २००९ साली कॅलटेक या अमेरिकेतल्या नामांकित विज्ञानसंस्थेतल्या व्हर्जिल ग्रिफिथ या विद्यार्थ्याने तयार केली. अमेरिकेतल्या कॉलेजांतली मुलं फेसबुकवर कोणतं संगीत आवडतं म्हणून सांगतात ते त्याने गोळा केलं आणि त्या त्या कॉलेजचे प्रवेशपरीक्षेतले सरासरी गुण त्याला जोडले. वर बीथोव्हन आला, तळाला लिल वेन हा रॅपर.

यात एकाही माणसाची बुद्धी मोजलेली नाही. कॉलेजची सरासरी ही कॉलेजची. एखाद्या कॉलेजात रॅप लोकप्रिय असेल आणि सरासरी गुण कमी असतील, तर तिथल्या रॅप ऐकणाऱ्या मुलांचेच गुण कमी आहेत असं निघत नाही. उलटही असू शकेल. शिवाय अमेरिकेतली ही परीक्षा कुटुंबाच्या उत्पन्नाशी घट्ट बांधलेली आहे. म्हणजे यादीत दिसतो तो बराचसा पैसा, शेजार आणि शिक्षण. ते बुद्धीच्या नावावर खपवलं जातं आणि एका समाजाचं संगीत हलकं ठरतं, म्हणून ही यादी गंमत म्हणूनसुद्धा पुढे पाठवू नये असं मला वाटतं.

म्हणजे "उच्च अभिरुची" हा सगळा पैशाचा आणि शिक्षणाचा खेळ आहे?

सगळा नाही, पण फार मोठा भाग आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९६० च्या दशकात बाराशेहून अधिक लोकांची पाहणी केली आणि १९७९ मध्ये तिचे निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. त्यात लोकांना ठरावीक सांगीतिक रचनांमधून आपल्या आवडीच्या निवडायला सांगितलं होतं. बाखची पियानो-रचना निवडणाऱ्यांत उच्च शिक्षणातले प्राध्यापक आणि कलाकार मोठ्या प्रमाणात होते. "ब्लू डॅन्यूब" हा वॉल्ट्झ कामगार आणि छोट्या व्यावसायिकांमध्ये प्रिय होता. आवड ही माणसाची अगदी खासगी गोष्ट वाटते, पण ती घरातून, शाळेतून, सोबतीतून नकळत अंगात मुरते. आणि मग "आपण" आणि "ते" यांच्यातली रेघ मारायला वापरली जाते.

काळ बदलला तशी ही रेघही सरकली. रिचर्ड पीटरसन आणि रॉजर कर्न यांनी १९९६ मध्ये दाखवलं की अमेरिकेतले उच्चभ्रू श्रोते आता एकाच प्रकाराला चिकटून न राहता सगळं थोडंथोडं ऐकू लागले आहेत. ऐकायला छान वाटतं. पण त्याच वर्षी बेथनी ब्रायसन यांनी एक बोचणारी गोष्ट पुढे आणली. शिकलेले लोक एकंदरीत जास्त प्रकारचं संगीत स्वीकारतात खरे, पण नाकारतात तेव्हा नेमके कमी शिकलेल्या लोकांमध्ये प्रिय असलेले प्रकार नाकारतात: रॅप, हेवी मेटल, कंट्री, गॉस्पेल. "मला सगळं चालतं, फक्त ते सोडून" असं आपण म्हणतो, तेव्हा "ते" कोणाचं संगीत आहे, हे एकदा स्वतःला विचारून पाहावं.

पण गुंतागुंतीचं संगीत कळायला डोकं लागतंच ना?

डोक्यापेक्षा सवय जास्त लागते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल बर्लाइन यांनी १९७० च्या सुमारास मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. फार सोप्या गोष्टीचा कंटाळा येतो, फार अवघड गोष्ट नुसता गोंगाट वाटते, आणि मधे कुठेतरी गोडी लागते. हा मधला बिंदू प्रत्येकाचा वेगळा असतो आणि ऐकत गेलं की तो सरकतो. पहिल्यांदा ऐकताना पसारा वाटलेली रचना दहाव्यांदा ऐकताना आपली वाटू लागते, कारण आता पुढे काय येणार याची कानाला कुणकुण लागलेली असते.

शिवाय, काय "गोड" आणि काय "कर्कश" हेही बरंचसं शिकलेलं असतं. बोलिव्हियातल्या ॲमेझॉनच्या जंगलात त्सिमाने लोक राहतात. पाश्चात्त्य कानाला जे स्वरमेळ सुसंवादी वाटतात आणि जे खटकतात, ते दोन्ही त्यांना सारखेच चांगले वाटले, हे जोश मॅकडर्मट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं. त्यांना फरक ऐकू येत होता. एक सरस, दुसरा नीरस असं मात्र वाटत नव्हतं. दुसरी बाजूही आहे. १९९९ मध्ये लॉरा-ली बॉल्कविल आणि विल्यम थॉम्पसन यांनी पाश्चात्त्य श्रोत्यांना हिंदुस्थानी राग ऐकवले. रागसंगीताशी ओळख नसतानाही आनंद, दुःख आणि संताप हे भाव त्यांना ओळखता आले. भाव सीमा ओलांडून पोहोचतो, बारकावे मात्र ऐकून ऐकूनच उमगतात.

वरच्या पाहण्यांमधलं "शास्त्रीय" म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय, हेही ध्यानात असू द्या. ते निष्कर्ष उचलून रागसंगीताच्या श्रोत्यांना चिकटवणं बरोबर नाही.

मेटल आणि रॅप ऐकणारी मुलं अभ्यासात मागे पडतात का?

संगीतामुळे मागे पडतात, याला पुरावा नाही. ब्रिटनमध्ये २००७ साली विशेष हुशार म्हणून निवडलेल्या हजाराहून अधिक मुलांची पाहणी झाली. त्यांच्यात रॉक सर्वांत लोकप्रिय होतं आणि मेटलचे चाहतेही बरेच होते. मनातला ताण आणि चिडचीड बाहेर काढायला मेटल उपयोगी पडतं, असं त्यांच्यातल्या काहींनी सांगितलं. एखादं मूल सतत कर्णकर्कश संगीतात बुडून गेलं असेल, तर त्याच्या बुद्धीची काळजी सोडा आणि त्याला कसला त्रास होतोय का ते विचारा.

संगीत शिकल्याने बुद्ध्यंक वाढतो का?

इथे प्रामाणिक मतभेद आहेत. शेलेनबर्ग यांनी २००४ मध्ये टोरोंटोतल्या सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट केले: कीबोर्ड, गायन, नाटक आणि काहीच नाही. शाळा सुरू झाल्यामुळे वर्षभरात सगळ्यांचाच बुद्ध्यंक वाढला. संगीताच्या गटांत सरासरी ७ अंकांनी, इतरांत ४.३ अंकांनी. फरक पावणेतीन अंकांचा. नाटकाच्या गटातली मुलं मात्र इतरांशी वागण्या-बोलण्यात सुधारली, संगीताची नाही.

त्यानंतरचा पुरावा या निष्कर्षाला फारसा दुजोरा देत नाही. हार्वर्डमध्ये सॅम्युएल मेहर यांनी २०१३ मध्ये लहान मुलांवर केलेल्या दोन प्रयोगांत ठोस फायदा दिसला नाही. जोव्हान्नी साला आणि फर्नांड गोबे यांनी २०२० मध्ये ५४ अभ्यासांतल्या जवळपास ७,००० मुलांची माहिती एकत्र केली. संगीताची तुलना दुसऱ्या एखाद्या उपक्रमाशी केली की परिणाम जवळजवळ नाहीसा होतो, असं त्यांना आढळलं. स्वीडनमधल्या जुळ्यांचा अभ्यासही हेच सुचवतो: एकसारख्या जुळ्यांपैकी ज्याने जास्त रियाज केला, त्याचा बुद्ध्यंक जास्त नव्हता.

मुलाला गाणं शिकवायचं तर गाण्यासाठीच शिकवावं. आपल्या गळ्यातून किंवा बोटांतून सूर नीट लागला, की मुलाचा चेहरा कसा उजळतो ते पाहा. त्याला गुणांचं तारण कशाला हवं?

अभ्यास करताना गाणी ऐकावीत का?

पाठांतर किंवा वाचन असेल तर शब्द असलेली गाणी टाळा. ती लक्षात ठेवायच्या शब्दांशी झटापट करतात. संगीत आवडीचं असलं तरी सुटका नाही. क्रमाने लक्षात ठेवायच्या कामात आवडीचं आणि नावडीचं, दोन्ही संगीत शांततेपेक्षा वाईट ठरलेलं आहे. एकसुरी, हाताच्या कामाला मात्र खुशाल लावा.

मला संगीत आवडतच नाही. माझ्यात काही कमी आहे का?

मुळीच नाही. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशा लोकांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना सूर नीट ऐकू येतात, गाणं आनंदी की दुःखी तेही कळतं. पैसे जिंकण्याचा खेळ खेळताना इतरांसारखीच त्यांच्याही हृदयाची गती वाढते, त्वचेला घाम सुटतो. संगीत लावलं की यातलं काही होत नाही. बाकी सगळं ठीक असतं, एवढा एकच आनंद लागू पडत नाही. सिग्मंड फ्रॉइड यांनीही १९१४ साली लिहिलं होतं की संगीतातून आपल्याला जवळजवळ आनंद मिळत नाही, कारण आपल्याला काय हलवतंय ते कळल्याशिवाय हलून जाणं त्यांच्या मनाला मानवत नसे.

याच्या अगदी उलट विल्यम्स सिंड्रोम. सातव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळाल्याने होणाऱ्या या स्थितीत बुद्ध्यंक बहुधा ५० ते ६० च्या आसपास असतो, आणि यातल्या अनेकांना संगीताचं विलक्षण वेड असतं. तासन्‌तास ऐकतात, ऐकताना रडतात, गाणं संपल्यावरही त्यातच राहतात. संगीताने हलून जाण्यासाठी बुद्ध्यंकाची पायरी चढावी लागत असती, तर हे घडलंच नसतं.

मग आवड ठरते तरी कशावरून?

मुख्यतः काय कानावर पडलं त्यावरून, आणि कुठल्या वयात. वारंवार भेटणारी गोष्ट आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं. त्यात पौगंडावस्थेतली गाणी सर्वांत खोल रुजतात, कारण तेव्हा ती मैत्रीशी, प्रेमाशी, घराबाहेरच्या पहिल्या पावलांशी जोडलेली असतात. स्वभावाचा वाटा असतो. गाण्याकडून काय हवं आहे, याचाही असतो: कुणाला रचना उलगडायची असते, कुणाला मन हलकं करायचं असतं. २००७ साली झालेल्या एका अभ्यासात बुद्धिमत्तेचा धागा दिसला तो या "कशासाठी ऐकता" शी. जास्त गुण मिळवणारे संगीत थोडं जास्त विचारपूर्वक ऐकत होते. तसं तर कोणतंही गाणं ऐकता येतं.

"तुमच्या प्लेलिस्टवरून बुद्ध्यंक सांगतो" असं म्हणणाऱ्या चाचण्यांवर विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. गाण्यांच्या यादीवरून तुमचं वय मात्र बऱ्यापैकी ओळखता येतं.